पीएचडीला काय काय लागतं, हे विचारत राहणाऱ्यांसाठी

"मॅडम, मॅनेजमेंटमध्ये पीएचडी करायचीय, नक्की काय काय लागतं?" हा प्रश्न गेल्या चार-पाच वर्षांत समुपदेशन करताना मी इतक्या वेळा ऐकलाय की आता समोरचा माणूस खुर्चीत बसतानाच मला अंदाज येतो. वय साधारण पस्तीस ते पन्नास, एमबीए होऊन दहा-पंधरा वर्षं झालेली, नोकरी बरी चाललीय, पण कुठेतरी शिकवायचं मनात आहे किंवा शिक्षण अर्धवट राहिल्याची रुखरुख आहे. आणि खरं सांगू का, यातल्या बहुतेकांना उत्तर आधीच माहीत असतं, मोबाईलमध्ये युजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, पीडीएफ असतात, दोन-तीन विद्यापीठांच्या जाहिराती सेव्ह केलेल्या असतात, तरी विचारतात. मग मी ओळखते की अडलंय ते वेगळ्याच ठिकाणी.

आज एका बाईंची गोष्ट सांगते, त्यांची परवानगी घेऊन आणि ओळख पटेल असं सगळं बदलून. वय बेचाळीस, चाकणच्या एका ऑटो पार्ट्सच्या कारखान्यात परचेस आणि स्टोअर्स बघतात. पहिल्या भेटीत फाईल घेऊन आल्या होत्या, तीही रंगीत सेपरेटर लावलेली. एक तास आम्ही नुसत्या अटींवरच बोललो.

त्या अटी इथे सांगून टाकते म्हणजे पुढे बोलायला मोकळे. 2022 साली युजीसीने पीएचडीचे नवे नियम आणले, ते सगळ्या विषयांना आहेत, मॅनेजमेंटला वेगळे नाहीत. मास्टर्सला 55 टक्के लागतात, एससी, एसटी, नॉन क्रीमी लेयर ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि दिव्यांगांना 5 टक्के सवलत. चार वर्षांची पदवी असेल तर 75 टक्क्यांवर मास्टर्सशिवायही जाता येतं. एमबीएऐवजी पीजीडीएम, म्हणजे मॅनेजमेंटचा पदव्युत्तर डिप्लोमा, असेल तर त्याला एआययूची, म्हणजे भारतीय विद्यापीठ संघाची, समकक्षता आहे का ते आधी बघा, नाहीतर अर्ज भरून फी भरून शेवटी डॉक्युमेंट व्हेरिफिकेशनला अडकता, असे तिघं-चौघं माझ्याकडे रडवेले होऊन आलेत. प्रवेश नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेच्या स्कोरवर किंवा विद्यापीठाच्या स्वतःच्या प्रवेश परीक्षेवर, म्हणजे पेटवर. 2024 पासून नेटच्या निकालातच पीएचडी प्रवेशाची पात्रता मिळते, तो स्कोर एक वर्ष चालतो, त्याला 70 टक्के वजन आणि मुलाखतीला 30. पेट असेल तर अर्धा पेपर रिसर्च मेथडॉलॉजीचा, म्हणजे संशोधनाच्या पद्धतींचा, असतो, तो हलक्यात घेऊ नका, नोकरीवाले तिथेच मार खातात कारण स्टॅटिस्टिक्स सोडून जमाना झालेला असतो. कुठलं विद्यापीठ यंदा काय धरतंय ते त्या वर्षीची जाहिरात वाचूनच ठरवा, मित्राने तीन वर्षांपूर्वी काय केलं त्यावर जाऊ नका.

तर या बाईंना 58 टक्के होते, अनुभव सोळा वर्षांचा, पार्टटाइमला नियमात पूर्ण परवानगी आहे. म्हणजे कागदावर काहीच अडत नव्हतं. तरी पाच वर्षं दर वर्षी फॉर्मची शेवटची तारीख जाऊ द्यायच्या.

दुसऱ्या भेटीत मी त्यांना म्हटलं, "आज फाईल बाजूला ठेवूया. फॉर्म का नाही भरलात ते सांगा, जसं मनात येतं तसं." त्या बोलत गेल्या आणि मी कागदावर लिहीत गेले. टॉपिक एकदम नवा असलाच पाहिजे. चांगला गाईड आधी मिळालाच पाहिजे. पेपर मोठ्या जर्नलमध्ये आलाच पाहिजे. साहेबांनी आनंदाने परवानगी दिलीच पाहिजे. एकदा सुरू केलं की तीन वर्षांत संपलंच पाहिजे. मग तो कागद मी त्यांच्यापुढे सरकवला आणि प्रत्येक वाक्यातल्या "च"ला गोल करायला सांगितलं. त्यांनी पाच गोल केले आणि बराच वेळ कागदाकडे बघत बसल्या.

माझा ओढा पहिल्यापासून विवेकनिष्ठ विचारपद्धतीकडे आहे, हे माझ्याकडे येणाऱ्यांना माहीत आहे. परिस्थिती माणसाला जेवढी अडवते त्याहून जास्त त्याचा स्वतःचा हट्ट अडवतो असं मी मानते, आणि मराठीत तो हट्ट एका अक्षरात बसतो. इतकी वर्षं हे काम करतेय, पण त्या गोलांनी जेवढं काम केलंय तेवढं माझ्या लांबलचक बोलण्याने कधी केलं नाही.

मग एकेक "च" घेऊन आम्ही खरा नियम काय म्हणतो ते शेजारी ठेवलं. तीन वर्षांत संपलंच पाहिजे? नियमात तीन वर्षं हा कमीत कमी काळ आहे, कमाल सहा, वर रि-रजिस्ट्रेशनने दोन, आणि महिलांना आणखी दोन, म्हणजे दहापर्यंत. मॅटर्निटीची किंवा चाइल्ड केअरची 240 दिवसांपर्यंतची रजा वेगळी. पेपर मोठ्या जर्नलमध्ये? थिसिस देण्याआधी पेपर छापून यायची सक्ती युजीसीने 2022 मध्ये काढली, विद्यापीठं आपली अट ठेवू शकतात, ती विचारून घ्यायची एवढंच. गाईड आधीच? बऱ्याच ठिकाणी मुलाखतीनंतर गाईड ठरतो, आणि जागा मोजक्या असतात, प्रोफेसरला एका वेळी आठ विद्यार्थी, असोसिएटला सहा, असिस्टंटला चार, त्यामुळे "नाही" ऐकलं तर ते बहुतेक वेळा जागेचं असतं, तुमच्या लायकीचं नसतं.

एनओसीवर मात्र त्या अडल्या. पार्टटाइमला कंपनीचं पत्र लागतं, यांना परवानगी आहे, कामातून अभ्यासाला वेळ मिळेल, गरज पडली तर कोर्सवर्कसाठी सोडू, असं.

"साहेब हसतील मॅडम."

"हसले तर?"

"वाईट वाटेल."

"आणि?"

"आणि... हसतहसत सही पण करतील कदाचित. ते तसेच आहेत."

इथे त्या पहिल्यांदा माझ्याकडे बघून मोकळ्या हसल्या.

पण खरी गोष्ट चौथ्या भेटीत घडली, आणि त्यात माझं कर्तृत्व एवढंच की मी वेळेवर गप्प बसले. टॉपिकचा "च" काही केल्या सुटत नव्हता. सप्लाय चेन, ग्रीन सप्लाय चेन, एआय इन सप्लाय चेन, त्या कुठून कुठून टायटलं आणायच्या आणि स्वतःच नाकारायच्या. निघताना पुढची तारीख लिहायला त्यांनी पर्समधून एक लांबट वही काढली, कापडी पाठीची, किराणा दुकानात उधारीला असते तशी. पान उलटताना मला रकाने दिसले. तारीख, सप्लायर, माल किती दिवस उशिरा आला, आणि शेवटच्या रकान्यात बारीक अक्षरात कारण. "ही काय आहे?" मी विचारलं.

"काही नाही हो, माझी सवय. सिस्टीममध्ये लेट एवढंच टाकता येतं, का लेट ते कुणी विचारत नाही. मी गेटवर फोन करून विचारते आणि लिहिते. नऊ वर्षं झाली."

मग त्या सांगायला लागल्या. एक छोटा सप्लायर, भोसरीत चार मशिनवाला, आधी कधी उशीर करायचा नाही आणि मग एकदम करायला लागला. वहीत मागे जाऊन बघितलं तर त्याचं पेमेंट साठ-सत्तर दिवसांवर गेलं तिथूनच उशीर सुरू. मग दुसऱ्याचं बघितलं, तिसऱ्याचं. एमएसएमई कायद्याने छोट्या उद्योगाचे पैसे फार तर 45 दिवसांत द्यायचे असतात, प्रत्यक्षात काय होतं ते त्यांना पाठ होतं. "म्हणजे आम्ही त्याला लेट म्हणून लाल शेरा मारतो मॅडम, पण कच्चा माल घ्यायला त्याच्याकडे पैसेच नसतात, ते आम्हीच अडकवलेले असतात!" वीस-पंचवीस मिनिटं त्या सलग बोलत होत्या, वहीत बोट ठेवून, खुर्चीत पुढे सरकून, पुढचे क्लायंट बाहेर बसलेत हे मलाही दिसत होतं पण मी थांबवलं नाही.

शेवटी मी एवढंच म्हटलं, "गेल्या वीस मिनिटांत 'मला झेपेल का' हे तुम्ही एकदाही विचारलं नाहीत."

त्यांनी वही मिटली, परत उघडली. डोळे भरले होते. "हे चालतं का पीएचडीला?"

चालतं की! हीच तर पीएचडी. मोठ्या खरेदीदाराचं पेमेंट लांबलं की छोट्या पुरवठादाराची डिलिव्हरी कितपत बिघडते, यात मोजायला आकडे आहेत, विचारायला माणसं आहेत, आणि उत्तर मिळालं तर कुणाच्या तरी उपयोगाचं आहे. मॅनेजमेंट सायन्समधल्या "सायन्स"चा अर्थ मला त्या वहीतच दिसला, रोज तोच प्रश्न त्याच पद्धतीने विचारून लिहून ठेवणं. मलाही त्या दिवशी एक गोष्ट नव्याने कळली, आपण लोकांना "टॉपिक शोधा" म्हणून वाचनालयात पाठवतो, आणि त्यांचा टॉपिक त्यांच्या रागात असतो. तेव्हापासून मी सगळ्यांना विचारते, ऑफिसात अशी कुठली गोष्ट आहे जी चुकीची चाललीय हे तुम्हाला दिसतं आणि बाकी कुणाला दिसत नाही? दहातले सात-आठ जण तिथेच टॉपिक सांगून मोकळे होतात. फक्त नंतर शोधगंगा या वेबसाइटवर जाऊन बघा, युजीसीच्या इन्फ्लिबनेट केंद्राने तिथे देशभरातले थिसिस ठेवलेत, आपल्या प्रश्नावर कुणी कुठपर्यंत आलंय ते कळतं. कुणी केलेलं दिसलं तर घाबरू नका, तो कुठे थांबला ते वाचा. आणि कंपनीचा डेटा वापरायचा तर लेखी परवानगी घ्या, तोंडी "घ्या हो" वर थिसिस उभा करू नका.

प्रवेशानंतरचंही थोडं सांगते. कोर्सवर्क किमान 12 क्रेडिटचं, त्यात रिसर्च एथिक्स आलंच, आणि 55 टक्के मिळवावे लागतात. दर सेमिस्टरला सल्लागार समितीपुढे उभं राहून काय केलं ते दाखवायचं. शेवटी थिसिस बाहेरच्या किमान दोन परीक्षकांकडे जातो आणि मग व्हायवा. कॉपीच्या बाबतीत 2018 चे नियम कडक आहेत, 10 टक्क्यांपर्यंत साम्य चालतं, 40 च्या वर गेलं तर एक वर्ष सुधारित थिसिस देता येत नाही, 60 च्या वर रजिस्ट्रेशन रद्द. म्हणून "सर सगळं लिहून देतात" असं कुणी सुचवलं तर हात जोडून निघा. तसंच परदेशी विद्यापीठाची ऑनलाइन पीएचडी विकणाऱ्यांपासून लांब राहा, युजीसी आणि एआयसीटीई या तंत्रशिक्षण परिषदेने 2022 मध्येच सांगितलंय की एडटेक, म्हणजे ऑनलाइन शिक्षण विकणाऱ्या, कंपन्यांमार्फत मिळणारी अशी पीएचडी मान्य नाही. पैसे आणि दोन-तीन वर्षं घालवून आलेल्या माणसासमोर बसणं मला फार जड जातं.

बाईंना पहिल्या वर्षी प्रवेश नाही मिळाला, मेथडॉलॉजीत कमी पडल्या. तेव्हा त्या आल्या नाहीत, फक्त मेसेज केला, "वाईट वाटलं, पण संपलं नाही." दुसऱ्या वर्षी मिळाला. मुलाखतीत विचारलं म्हणे, या वयात का? त्यांनी वही टेबलावर ठेवली. साहेबांनी एनओसीवर सही केली, हसले की नाही ते मी विचारलं नाही.

कोर्सवर्क झालंय आता. परवा त्यांनी वहीच्या नव्या पानाचा फोटो पाठवला, जुने चार रकाने तसेच आहेत, शेजारी पट्टीने आखून पाचवा काढलाय, "पैसे किती दिवसांनी दिले."