ओपन-वर्ल्ड खेळांवरून मन उडते तेव्हा

या महिन्यात नाशिकहून आलेल्या दोन पत्रांचा विषय, म्हणजे ओपन-वर्ल्ड (मोठ्या मोकळ्या जगात हवे तिथे फिरू देणाऱ्या) संगणकीय खेळांतली गोडी जाणे, जवळजवळ एकच असल्यामुळे त्यांची उत्तरे एकाच अंकात देत आहे.

प्रश्न : माझे वय ३५ असून मी अंबडच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात नोकरी करतो. अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला असताना, २०१२ साली, खोलीवरच्या मित्राच्या संगणकावर ‘स्कायरिम’ हा खेळ मी पहिल्यांदा खेळलो आणि पुढचे वर्षभर त्याने मला अक्षरशः झपाटून टाकले होते. ‘द विचर ३’ आला तेव्हा पगारातून पैसे साठवून ग्राफिक्स कार्ड घेतले. आता दर दिवाळीच्या सेलमध्ये एखादा मोठा ओपन-वर्ल्ड आरपीजी (एका पात्राची भूमिका घेऊन खेळायचा खेळ) विकत घेतो, पहिले आठ-दहा तास उत्साहाने खेळतो आणि मग एके दिवशी नकाशा उघडल्यावर त्यावरची ढीगभर चिन्हे पाहून तो मिटून टाकतो. मुलगी झोपल्यावर रात्री तासभर मोकळा मिळतो, तोही खेळ सुरू करावा की नको या विचारात निघून जातो. ‘विचर’ तर त्यातल्या स्केलिगे बेटांवर कधीचा अर्धवट पडला आहे. मित्र म्हणतात, वय झाले. माझ्यातच काही बिघडले आहे, की खेळ पूर्वीसारखे राहिलेले नाहीत?
— एक वाचक, सिडको, नाशिक

उत्तर : तुमच्यात काही बिघडलेले नाही आणि खेळही सरसकट वाईट झालेले नाहीत. मधल्या दहा-बारा वर्षांत तुम्ही हे खेळ वाचायला शिकलात, आणि त्याचा परिणाम आपल्याला वाटतो त्यापेक्षा फार खोलवर होतो.

पहिल्यांदा ‘स्कायरिम’ खेळताना डोंगराच्या कुशीत एखादी गुहा दिसली की आत काय असेल हे तुम्हाला खरोखरच माहीत नव्हते. शेकडो तासांनंतर मात्र आत शिरण्यापूर्वीच सगळे कळू लागते : काही दरोडेखोर किंवा सांगाडे, शेवटच्या दालनात एक बलवान शत्रू, त्याच्या मागे मोठी पेटी आणि पेटीजवळून थेट प्रवेशद्वारापाशी आणून सोडणारी सोयीची वाट. ही रचना एकदा लक्षात आली की ती विसरता येत नाही, आणि दुसऱ्या कंपनीच्या, दुसऱ्या देशातल्या, दुसऱ्या कथेच्या खेळातही तिचीच भावंडे भेटत राहतात. उंच जागी चढून आजूबाजूचा नकाशा उघडायचा ही २००७ च्या ‘अ‍ॅसॅसिन्स क्रीड’ने रुळवलेली पद्धत नंतर इतक्या खेळांनी उचलली, की मनोरा दिसला रे दिसला की पुढच्या पाच तासांचा आराखडा मनात आपोआप तयार होतो. कुतूहल हे न कळण्यावर जगते, आणि तुमच्याकडे ते न कळणेच उरलेले नाही.

माझ्या कपाटात एक जुनी शंभर पानी वही आहे. ‘मॉरोविंड’ हा ‘स्कायरिम’चाच पूर्वज २००२ साली आला, तेव्हा त्यात कोणत्या दिशेने जायचे हे दाखवणारा बाण नव्हता. पात्रे तोंडाने वाट सांगत आणि ती खेळातल्या रोजनिशीत नोंदली जाई. सुरुवातीच्या कामगिऱ्यांपैकी एका कामगिरीत बाल्मोरा गावातून निघून, नदी ओलांडून, मूनमॉथ किल्ल्याजवळून पुढे जात दरीवरचा एक प्राचीन पूल शोधायचा आणि पलीकडच्या अवशेषांतून एक छोटी पेटी आणायची असे होते. माझ्या वहीच्या त्या पानावर पेन्सिलीने लिहिले आहे : ‘किल्ला सापडला. पूल नाही. रात्र झाली. परत.’ दुसऱ्या दिवशीच्या नोंदीत पूल आहे, पण दार उघडत नाही. तिसऱ्या दिवशी जवळच्या पाइपावरची दांडी फिरवता येते हे कळल्यावर काढलेले एक वाकडेतिकडे चित्र आहे. पेटी मिळायला आणखी दोन संध्याकाळी गेल्या, कारण ती आतल्या एका दालनात फळीवर नुसती ठेवलेली होती आणि तिच्यावर कोणतीही खूण नव्हती. त्या चार-पाच संध्याकाळी मी ‘कंटेंट’ संपवत नव्हतो, वाट शोधत होतो, आणि आज वीस वर्षांनंतरही तो पूल डोळ्यांसमोर येतो.

पुढे याच मालिकेतल्या २००६ च्या ‘ऑब्लिव्हियन’मध्ये होकायंत्रावर ठिकाणाची खूण आली. ती सोय होती यात वाद नाही, आणि दिवसभर काम करून आलेल्या माणसाला ती हवीहवीशीही वाटली असेल. तिच्यामुळे एक बदल मात्र चुपचाप घडला : लेखकांनी पात्रांच्या तोंडून वाट सांगणेच सोडले. म्हणूनच ‘स्कायरिम’मध्ये खुणा बंद करून खेळून पाहणाऱ्याची पंचाईत होते, कारण तिथली बहुतेक पात्रे ‘अमुक गुहेतून अमुक वस्तू आण’ इतकेच सांगतात आणि ती गुहा कोणत्या नदीच्या कोणत्या काठाला आहे याचा पत्ता लागू देत नाहीत. त्याच ‘ऑब्लिव्हियन’मध्ये शत्रूंची ताकद तुमच्या लेव्हलबरोबर वाढत असे, आणि त्यामुळे पुढे पुढे रस्त्यावरचे सामान्य लुटारूही महागडी काचेची चिलखते घालून, वाटसरूकडे किरकोळ रक्कम मागताना दिसू लागत. आपण बलवान झालो याचा आनंद हवा असेल, तर जगाने काही काळ तरी जागच्या जागी थांबायला हवे. सारे जगच आपल्याबरोबर वाढत राहिले, तर वाढलो काय आणि न वाढलो काय.

मन उडण्याचे दुसरे कारण बक्षिसांत आहे. १९७३ साली मानसशास्त्रज्ञ मार्क लेपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बालवाडीतल्या मुलांवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध आहे. चित्रे काढायची मुळातच आवड असलेल्या काही मुलांना ‘चित्र काढलेस तर प्रशस्तिपत्र मिळेल’ असे आधी सांगण्यात आले. एक-दोन आठवड्यांनंतर मोकळ्या वेळेत याच मुलांनी चित्रकलेला इतरांच्या तुलनेत निम्माच वेळ दिला, आणि ज्यांना बक्षीस न सांगता अचानक मिळाले होते त्यांची आवड मात्र तशीच राहिली. आजच्या खेळांत झाडपाला तोडला की गुण, नवे गाव दिसले की गुण, कोणाशी चार शब्द बोलले की यादीतल्या एका ओळीवर बरोबरची खूण अशी व्यवस्था असते. जे आपण हौसेने केले असते त्याचीच मजुरी मिळू लागते, आणि मजुरी आली की काम आले. रात्री साडेदहाला, दिवसभराच्या शिफ्टनंतर, तुमचे मन नकाशा उघडून मिटते ते आळसाने नव्हे. आणखी एक यादी समोर आली हे त्याला बरोबर ओळखता येते.

आपल्याच शहरातले उदाहरण घेऊ. पांडवलेण्यांत २४ लेणी आहेत. चोवीसच्या चोवीस पाहून झाली अशा खुणा करत दीड तासात खाली उतरणारा माणूस आणि तिसऱ्या लेण्यात सातवाहन राजमाता गौतमी बलश्रीच्या शिलालेखापुढे, ही अक्षरे कोरायला किती दिवस लागले असतील याचा विचार करत तासभर उभा राहणारा माणूस, हे दोघे एकाच डोंगरावर जाऊन आले असे म्हणणे मला जड जाते. मोठ्या खेळांची रचना आपल्याला पहिल्या माणसाकडे ढकलते, आणि दुसरा होण्यासाठी थोडे आपले आपणच अडून बसावे लागते.

आता तुमच्या स्केलिगेबद्दल. तिथल्या समुद्रावर पसरलेली प्रश्नचिन्हे हा ‘द विचर ३’चा सर्वांत दुबळा भाग आहे असे माझे स्पष्ट मत आहे. त्यांतली पुष्कळशी म्हणजे तस्करांनी दडवलेला माल असतो : होडीने जायचे, उडत्या शत्रूंना हटवायचे, बुडी मारून पेटी उघडायची आणि आधीच जड झालेल्या झोळीत आणखी एक तलवार टाकायची. याच खेळात वेलेनच्या दलदलीतल्या त्या मद्यपी बॅरनच्या कुटुंबाची कथाही आहे, आणि ती लिहिणाऱ्यांनी दारू, मारहाण आणि पश्चात्ताप यांना ज्या गंभीरपणे हात घातला आहे तसा फार थोड्या खेळांत पाहायला मिळतो. ती लिहिणाऱ्यांची दुसरी कामे न पाहता तुम्ही पेट्या गोळा करत थकून जावे याचे मला वाईट वाटते. डिसेंबर २०२२ च्या अद्ययावत आवृत्तीत प्रश्नचिन्हे आणि होड्यांच्या खुणा नकाशावरून लपवण्याची सोय आहे. ती वापरा, कोपऱ्यातला छोटा नकाशाही बंद करा आणि फक्त माणसे ज्या कामांसाठी तुम्हाला हाक मारतात तेवढीच कामे घ्या. बाकीचा समुद्र तसाच राहू द्या.

खेळ बनवणारे सगळेच या बाबतीत झोपलेले नाहीत. २०१७ च्या ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’मध्ये मनोऱ्यावर चढल्यावर भूभागाचा आकार तेवढा कळतो, खुणा तुम्हीच डोळ्यांनी पाहून करायच्या असतात. तिथे दगडाखाली आणि झाडाच्या शेंड्यावर लपवलेली ९०० छोटी कोडी आहेत, आणि नऊशेही सोडवणाऱ्याला शेवटी मिळणारी वस्तू निव्वळ गमतीची आहे. सगळी गोळा करणे अपेक्षितच नाही, असे सांगण्याचा याहून प्रामाणिक मार्ग मला सुचत नाही. २०१८ च्या ‘अ‍ॅसॅसिन्स क्रीड ओडिसी’त खुणेऐवजी ‘अमुक प्रांताच्या दक्षिणेला, अमुक देवळाच्या पूर्वेला’ अशा प्रकारची माहिती देणारा एक्सप्लोरेशन मोड आहे. २०२२ च्या ‘एल्डन रिंग’ने तर कामांची यादीच दिली नाही. तो कठीण आहे, आणि तासाभराच्या खेळात एकाच शत्रूकडून दहादा मरण्याची तयारी नसेल तर तूर्त तो घेऊ नका.

वेळेचा प्रश्नही खरा आहे आणि त्याला वयाचे नाव देणे चुकीचे आहे. विद्यार्थिदशेत तुम्ही सलग सहा तास त्या जगात राहत होता, त्यामुळे कोण कोणाचा शत्रू आणि कोणते बटण कशाचे हे सारे अंगवळणी पडलेले असे. आज आठवड्यातून दोनदा एक तास मिळतो, आणि त्यातला पहिला अर्धा तास आपण कुठे होतो हे आठवण्यात जातो. यावर एक साधा उपाय मला लागू पडला आहे : खेळ नेहमी गावात, एखादे काम संपवूनच बंद करावा आणि कागदावर पुढे काय करायचे ते दोन ओळींत लिहून ठेवावे. याशिवाय वर्षभर एकही शंभर तासांचा खेळ घेऊ नका. २०१९ चा ‘डिस्को एलिझियम’ एका शहराच्या एकाच पडक्या भागात घडतो, त्यात नेहमीच्या अर्थाने लढाई नाही, आणि तरीही आरपीजी म्हणून तो कोणाही मोठ्या खेळाच्या तोडीचा आहे. त्याच वर्षीचा ‘आउटर वाइल्ड्स’ आरपीजी नाही. तरी तुमच्यासाठी तो मुद्दाम सुचवतो, कारण त्यात लेव्हल नाही, लूट नाही, दर २२ मिनिटांनी सूर्याचा स्फोट होऊन सारे पुन्हा सुरू होते, आणि तुमच्याजवळ शिल्लक राहते ते केवळ तुम्हाला जे कळले ते.

एक गोष्ट थोडक्यात पण गांभीर्याने विचारतो. खेळांबरोबरच जेवण, मित्र, मुलीशी खेळणे या सगळ्यांतलीच गोडी दोन आठवड्यांहून अधिक काळ गेली असेल आणि झोपही बिघडली असेल, तर हा विषय खेळांचा राहत नाही. तसे असल्यास डॉक्टरांना भेटा. १४४१६ हा शासनाच्या टेलि-मानस सेवेचा क्रमांक विनामूल्य असून चोवीस तास सुरू असतो. पत्रावरून मला तसे वाटले नाही, तरीही विचारल्यावाचून राहवले नाही.

प्रश्न : महाविद्यालयात असताना मी आणि माझ्या धाकट्या भावाने ‘स्कायरिम’ एकाच संगणकावर आळीपाळीने खेळला होता. मागच्या महिन्यात तो पुन्हा हौसेने सुरू केला, पण चार दिवसांतच सारे फिके वाटू लागले. आता तर जुन्या आठवणीही खोट्या वाटतात. हा खेळ पुन्हा उघडून मी चूक केली का?
— एक वाचक, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : आठवणी खोट्या नाहीत, ताई. तुम्हाला आठवते ते त्या खेळाइतकेच त्या खोलीतलेही आहे : एकाच्या हातात माउस, दुसरा मागून ओरडतो आहे, आणि आपली पाळी कधी येते म्हणून दोघेही घड्याळाकडे पाहत आहेत. खेळ २०११ सालचाच आहे, तो बदललेला नाही. तुम्ही या वेळी एकट्या बसलात आणि पुढे काय येणार हे तुम्हाला पाठ होते. नवे मॉड (खेळाडूंनीच तयार केलेले बदल) घालून, नवे शस्त्र घेऊन काही दिवस मन रमेल, तथापि पहिले न कळणे त्याने परत येत नाही.

ते दुसऱ्या कोणाकडे मात्र असते. भावाची किंवा शेजारची कोणी वयाने योग्य मुलगी वा मुलगा असेल आणि त्याने हा खेळ पाहिलेला नसेल, तर एका रविवारी त्याला खुर्चीवर बसवा आणि तुम्ही मागे बसा. पहिल्या मोठ्या थडग्यात, ब्लीक फॉल्स बॅरोमध्ये, तीन फिरत्या कड्यांचे दगडी दार लागते. प्रत्येक कड्यावर प्राण्यांची चित्रे आहेत आणि ती कोणत्या क्रमाने जुळवायची याचे उत्तर आधीच सापडलेल्या सोन्याच्या पंजाच्या तळव्यावर कोरलेले आहे, हे तुम्हाला ठाऊक आहे. समोरचे मूल कडी फिरवत राहील, चिडेल, मागे वळून तुमच्याकडे पाहील. झोळी उघडून तो पंजा उलटा करून पाहावा हे त्याला स्वतःला सुचेपर्यंत तुम्ही एक शब्दही बोलू नका.