एमबीबीएसनंतर कम्प्युटेशनल बायोलॉजीत (संगणक आणि गणित वापरून जीवशास्त्राचा अभ्यास) संशोधन करायचंय, पण बारावीला गणित नव्हतं. जमेल का?

जमेल, पण एक वर्ष गणिताला द्यावं लागेल. मी याच वाटेने आलो, त्यामुळे सांगतो: कोडिंग त्या मानाने लवकर येतं, अडतं ते संख्याशास्त्र आणि लिनिअर अल्जेब्रापाशी. पायथन किंवा आर, या दोन प्रोग्रामिंग भाषांपैकी एकच धरा.

डॉक्टरांसाठीच असलेला अभ्यासक्रम हवा असेल तर आयआयटी खरगपूरचा एमएमएसटी (वैद्यकीय विज्ञान आणि तंत्रज्ञानातली मास्टर्स पदवी) बघा. ३ वर्षांचा आहे आणि एमबीबीएसवाल्यांसाठीच आहे. पण अर्ज करण्याआधी एखादा छोटा प्रकल्प हातावेगळा कराच. त्यासाठी मिमिक हा बोस्टनमधल्या एका रुग्णालयाच्या आयसीयूचा ओळख पुसलेला डेटा उत्तम. फुकट मिळतो, फक्त संशोधन-नीतीचं ऑनलाइन प्रशिक्षण आणि डेटा वापराचा करार पूर्ण करावा लागतो. इथे तुमचं डॉक्टर असणं कामी येतं. क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम कसं चाललंय ते दाखवणारी रक्ततपासणी) अचानक ‘सुधारलं’ ते डायलिसिसमुळे, हे नुसत्या प्रोग्रामरच्या लक्षात येईलच असं नाही.

मात्र एमएमएसटी म्हणजे एमडी नव्हे. पुढे स्पेशालिस्ट म्हणून रुग्ण तपासायचे असतील तर आधी ‘नीट-पीजी’ या प्रवेश परीक्षेचं काय ते ठरवा.