आधाराविना हँडस्टँड शिकताना

हँडस्टँडमध्ये, म्हणजे हातांवर उलटे उभे राहताना, वर जाण्याआधी उतरायला शिकावे, हा माझा पहिला आग्रह आहे. तोल पाठीच्या बाजूला जाऊ लागताच एक हात उचलून पुढे ठेवावा, कंबर वळवावी आणि कार्टव्हीलप्रमाणे (हातांवरून बाजूला घेतलेल्या चक्राकार उडीप्रमाणे) एकेक पाय बाजूला उतरवावा. ही सुटका अंगवळणी पडली की भीती ओसरते, आणि नवशिक्याची निम्मी अडचण भीतीचीच असते.

सुरुवातीला भिंतीचा आधार घ्यावा, पण टाचा भिंतीला टेकवून केलेल्या सरावात कंबरेची कमान होते. म्हणून पोट भिंतीकडे ठेवून पायांनी भिंत चढावी, कोपरे ताठ ठेवावीत आणि खांदे कानांकडे रेटावेत. तोल मुख्यतः बोटांनी राखला जातो: शरीर पाठीकडे कलले की बोटांची टोके जमिनीत रुतवावीत, पोटाकडे कलले की दाब मनगटालगतच्या तळव्यावर न्यावा.

नाशिकच्या डिसेंबर-जानेवारीतील पहाटे मनगटे आखडलेली असतात, तेव्हा ती पुरेशी मोकळी केल्याशिवाय हातांवर भार देऊ नये. सराव फरशीवर न करता गोल्फ क्लब मैदानासारख्या मोकळ्या जागी, सपाट मातीवर करावा. काचबिंदू किंवा अनियंत्रित रक्तदाब असल्यास आधी डॉक्टरांना विचारावे.