परसातील आकाशनिरीक्षणासाठी कमी खर्चाचा प्रकाशरोधक पडदा

पुण्यातील घराच्या परसात सहा इंची डॉब्सोनियन दुर्बीण (साध्या फिरत्या बैठकीवरची आरशाची दुर्बीण) लावल्यावर कुंपणापलीकडचा रस्त्यावरील एलईडी दिवा थेट डोळ्यांवर येतो, त्यावर स्वस्त आणि रोज काढता-घालता येईल असा पडदा कसा करावा, असे आपण विचारले आहे. पडदा जरूर करावा. मात्र शहराच्या उजेडाने फिकट झालेले आकाश त्याने काळे होणार नाही. तो केवळ डोळ्यांवर थेट येणारा उजेड अडवतो. तरीही हा लाभ मोठा आहे, कारण अंधारात दृष्टीची संवेदनशीलता पूर्ण वाढण्यास 20 ते 30 मिनिटे लागतात आणि प्रखर दिव्याकडे एकदा नजर गेली तरी त्यातील बरीचशी कमाई वाया जाते.

बहुतेक जण पडदा कुंपणालगत बांधतात आणि मग तो उंच, आणखी उंच करत जातात. माझे आग्रहाचे सांगणे असे की पडदा दिव्याजवळ नव्हे, स्वतःजवळ ठेवावा. दिवा 7 मीटर उंचीवर, आपल्यापासून 20 मीटर दूर आहे आणि आपण स्टुलावर बसल्यावर डोळे जमिनीपासून 1.2 मीटरवर येतात असे धरू. पडदा 2 मीटरवर उभा केला, तर या अंतरांच्या प्रमाणात दिव्याकडे जाणारी दृष्टिरेषा तेथे केवळ 0.58 मीटर वर चढते, म्हणजे सुमारे 1.8 मीटर उंचीचा पडदा पुरतो. हाच पडदा 10 मीटरवर नेला, तर 4 मीटरहून अधिक उंची लागेल आणि तेवढे उंच कापड वाऱ्यात सांभाळणे परसात शक्य नाही.

गरजेपेक्षा जास्त उंची ठेवू नये, याचे कारण आकाशातच आहे. वरील मापाचा पडदा क्षितिजापासून सुमारे 17 अंशांपर्यंतचे आकाश झाकतो. पुण्याहून ध्रुवतारा साडेअठरा अंशांवर दिसतो, म्हणजे पडदा उत्तरेला असेल तर तो जेमतेम वर राहतो. दक्षिणेकडे ओमेगा सेंटॉरी हा भव्य तारकागुच्छ याम्योत्तर वृत्तावर, म्हणजे आपल्या सर्वाधिक उंचीवर, आला तरी 24 अंशांच्या पुढे जात नाही. पडदा दीड हाताने उंच केला, तर एप्रिल-मे महिन्यांतील हे सर्वांत सुंदर दृश्य आपणच झाकून टाकू. त्यामुळे आपला दिवा नेमका कोणत्या दिशेला आहे, हे आधी पाहावे.

कापडाची निवड मोबाइलच्या टॉर्चवर करावी. टॉर्च कापडामागे धरल्यावर उजेडाचा ठिपका दिसला, तर ते कापड कामाचे नाही. रोपवाटिकेतील 50 टक्क्यांची शेडनेट स्वस्त असते, पण ती दिव्याची तेजस्विता केवळ पाऊण प्रतीने (प्रत म्हणजे ताऱ्यांची तेजस्विता मोजण्याचे एकक) कमी करते. 90 टक्क्यांची जाळी अडीच प्रतींनी. मला सर्वांत उपयोगी वाटतो तो मागून काळा असलेला जुना फ्लेक्स. कार्यक्रम आटोपल्यावर असे फलक बहुधा पडूनच असतात, आणि त्यांतून उजेड आरपार येत नाही. काळी बाजू आपल्याकडे करावी आणि ती चकाकत असेल तर तिच्यावर साधे काळे सुती कापड टाचावे, नाहीतर घराच्या खिडकीतील उजेड तिच्यावरून परतून डोळ्यांवर येतो.

चौकटीसाठी मी बांबूच पसंत करतो, कारण एक इंची पीव्हीसी पाइप या लांबीला वाकतो. प्रत्येकी 1.2 मीटर रुंदीच्या दोन चौकटी एका कडेला सुतळीने सैल बांधल्या की त्या कोनात उघडून स्वतःच्या आधाराने उभ्या राहतात आणि नंतर मिटवून भिंतीला टेकवता येतात. कापड जमिनीपासून 30 सेंटिमीटर वर संपवावे. त्या फटीतून शिरलेला उजेड पडद्यामागे मीटरभराच्या आतच जमिनीवर पडतो आणि वाऱ्याला थोडी वाट मिळते. वाऱ्याचा विचार गांभीर्याने करावा: ताशी 30 किलोमीटर वेगाचा वारा साडेतीन चौरस मीटर कापडावर सुमारे 18 किलो वजनाइतका जोर लावतो आणि वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो. म्हणून चौकटींच्या तळाशी वाळूची पोती ठेवावीत, वरच्या टोकांना दोर लावून ते दोन्ही बाजूंना खुंट्यांना ताणून बांधावेत, आणि वारा वाढू लागला की पडदा लगेच मिटवावा. तो दुर्बिणीवर कोसळला तर बचत केलेल्या पैशांना अर्थ राहणार नाही.

दिव्याच्या खांबावर चढून स्वतः काहीही बांधू नये. तेथे विजेचा धोका असतो. शेजाऱ्यांचा बल्ब त्रास देत असेल तर तो खाली वळवण्याची विनंती करावी, ती बहुधा मान्य होते.

पडदा उभा केल्यावर बसायच्या जागी बसून दुर्बिणीच्या नळीकडे पाहावे. तिच्यावर आपल्या हाताची स्पष्ट सावली पडत असेल, तर उजेड दुसरीकडून येत आहे. बहुधा मागच्या पांढऱ्या भिंतीवरून परतून. अशा वेळी आणखी एक चौकट करण्याआधी त्या भिंतीवर एक काळी चादर टांगून पाहावी.