दर आठवड्याला मसाज घेऊनही मान-खांदे पुन्हा का आखडतात?

तुम्ही लिहिलंय की दिवसभर लॅपटॉपवर काम करून मान आणि खांदे दगडासारखे होतात. दर शनिवारी मसाज घेता, सोमवारपर्यंत बरं वाटतं आणि बुधवारी पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. मग मसाजचे पैसे पाण्यात चाललेत का, असं विचारताय.

नाही, पाण्यात नाही. मी ठाण्यात फिजिओथेरपिस्ट आहे आणि बसून काम करणारी माणसं रोज माझ्याकडे येतात. कुठे दुखतं ते एका बोटाने दाखवा म्हटलं, की बहुतेकांचं बोट एकाच जागी जातं: फऱ्याच्या हाडाचा वरचा, मानेकडचा कोपरा. मानेच्या वरच्या चार मणक्यांपासून निघालेला एक स्नायू तिथे येऊन चिकटतो. त्यावर अंगठा आडवा फिरवला की ताणलेल्या दोरीसारखं काहीतरी बोटाखालून सटकतं आणि पेशंट म्हणतो, "हां, तिथेच!" त्याच्यावर पसरलेल्या मोठ्या स्नायूतली गाठ दाबली तर कळ कधीकधी पार कानामागे, कानशिलापर्यंत जाते. डोकं दुखतं म्हणून गोळ्या घेणाऱ्या काही जणांचं मूळ मला तिथे सापडलंय.

आपलं डोकं साधारण पाच किलोचं. मान पुढे झुकली की ते मणक्यांवर तोललं जात नाही, मागच्या स्नायूंना धरून ठेवावं लागतं. ओझं तसं मोठं नाही, पण विसावा नाही. भरलेली बादली नळापासून घरात आणणं जमतं. रिकामी बादली हात लांब करून दहा मिनिटं धरून बघा.

मसाजने हा ताण सैलावतो, दुखरेपणा उतरतो, मान वळते. गाठ 'फुटते' असं म्हणतात तसं आत काही फुटत नाही, म्हणून "अजून जोरात, अजून जोरात" करण्यात अर्थ नाही. अंग काळंनिळं झालं म्हणजे मसाज चांगला झाला असंही नाही. मी पेशंटच्या श्वासाकडे लक्ष देते. दाबल्यावर श्वास रोखला गेला की दाब जास्त झाला. श्वास सोडताना स्नायू अंगठ्याखाली हळूहळू मऊ पडतो, त्याला अर्धा-एक मिनिट द्यावं लागतं. तेल खोबरेल असो की तिळाचं, मला तरी हातात फरक जाणवलेला नाही.

पण मसाज स्नायूला ताकद देत नाही, आणि तुमच्या बुधवारचं कारण हेच आहे. २०१४ साली अमेरिकेत मानदुखीच्या २२८ जणांवर अभ्यास झाला होता. त्यात आठवड्यातून दोन-तीनदा, तासभराचा मसाज चार आठवडे घेणाऱ्यांना सर्वांत जास्त फायदा झाला. आठवड्यातून तीनदा मसाजला जायला कुणाकडे वेळ आणि पैसा आहे? मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो डेन्मार्कमधला २०११ चा अभ्यास. मान-खांदे दुखणाऱ्या १९८ ऑफिस कर्मचाऱ्यांपैकी काहींना रबरी दोरीचा व्यायाम दिला, कुणाला रोज दोन मिनिटं, कुणाला बारा. दहा आठवड्यांनी दोन्ही गटांचं दुखणं कमी झालं होतं आणि दोन मिनिटंवाले फार मागे नव्हते!

तो व्यायाम असा: दोरी पायाखाली धरून उभं राहायचं, टोकं दोन्ही हातांत, कोपर किंचित वाकलेले. हात बाजूने खांद्याच्या उंचीपर्यंत वर, मग सावकाश खाली. दमेपर्यंत, जास्तीत जास्त दोन मिनिटं, आठवड्यातून पाच दिवस. मसाजनंतरचे दोन दिवस तुमची मान मोकळी असते, सुरुवात तेव्हाच करा. शनिवारी मसाज, रविवारी सकाळी दोरी. आणि लॅपटॉपखाली चार जाड पुस्तकं ठेवून वेगळा कीबोर्ड घ्या, नाहीतर व्यायामाचं कमावलेलं टेबलावर जाईल.

मधल्या दिवसांत गाठ सतावली तर टेनिसचा बॉल मोज्यात घाला, भिंतीला पाठ लावून फरा आणि मणका यांच्या मधल्या मांसल भागावर तो धरा. मणक्यावर नाही.

एक मात्र कळकळीने सांगते. सलूनमध्ये डोकं धरून मान कडाडकन मोडतात, ती कुणाकडूनही मोडून घेऊ नका. मेंदूला रक्त नेणाऱ्या धमन्या मानेच्या मणक्यांतून वर जातात. त्यांना इजा होऊन पक्षाघात होण्याचा धोका क्वचित असला तरी खरा आहे. तसंच हाताला मुंग्या येत असतील, पकड ढिली पडून कप निसटत असेल, ताप असेल किंवा पडल्या-आपटल्यानंतर दुखायला लागलं असेल, तर मसाज थांबवून आधी डॉक्टरांना दाखवा. छातीत दुखून खांद्यात कळ येत असेल तर तडक हॉस्पिटल गाठा.

तुमची कुठली बाजू जास्त दुखते ते लिहिलं नाहीत. माउसच्या हाताची असेल, तर माउस कीबोर्डला अगदी लागून ठेवा आणि दोन आठवड्यांनी काय फरक पडला ते इथे नक्की कळवा.