'लायब्ररी लावली' : लाल रेघ ओढावी का?

सांगलीच्या एका शिक्षिकेने विचारले आहे : विद्यार्थिनीने निबंधात 'सुट्टीत आम्ही नगर वाचनालयाची लायब्ररी लावली' असे लिहिले. 'लावली'खाली लाल रेघ ओढावी का?

अजिबात नको. हा अस्सल मराठी प्रयोग आहे. आपण दूध लावतो, पेपर लावतो, मेस लावतो, शिकवणी लावतो. ठरलेले पैसे देऊन एखादी गोष्ट नेमाने मिळायची सोय करणे, हा इथे 'लावणे'चा अर्थ. उलट क्रियाही तशीच. 'आम्ही लायब्ररी बंद केली' म्हणणाऱ्याने संस्थेला टाळे ठोकलेले नसते, आपली वर्गणी थांबवलेली असते. 'सभासद झालो' हेही बरोबर, पण त्यात नुसती नोंदणी येते. दर आठवड्याला पुस्तक बदलून आणायचा नेम येत नाही. ('पुस्तक बदलणे' हीदेखील किती नेमकी वाचनालयी मराठी आहे!)

हा प्रयोग रुजायला आपल्याकडची वाचनालये सभासदांच्या वर्गणीवर चालली हेच कारण असावे, असे माझे मत आहे. पुण्याची नेटिव्ह जनरल लायब्ररी, म्हणजे आजचे नगर वाचन मंदिर, १८४८ची. सांगलीचे नगर वाचनालय १८६९चे. सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा मात्र महाराष्ट्रात १९६७ साली आला. पुढे सरकारी अनुदान मिळू लागले, तरी अनामत आणि वर्गणी सुटली नाही. ऑगस्ट २०१९च्या महापुरात सांगलीच्या याच वाचनालयात कृष्णेचे पाणी शिरून हजारो पुस्तके भिजली. ते त्याचे दीडशेवे वर्ष होते. ज्यांच्या घरी पिढ्यानपिढ्या लायब्ररी लावलेली, त्यांचा तो घरचाच तोटा.

आता क्रियापद तेच राहून कर्म बदलते आहे. स्पर्धा परीक्षांची मुले 'अभ्यासिका लावतात' : पुस्तके स्वतःची, वाचनालयाकडून हवी ती बसायला जागा आणि शांतता. या मुलांनी जाता-येता कपाटांकडेही वळावे, असे मला मनापासून वाटते. साताऱ्याकडचे भिलार २०१७पासून पुस्तकांचे गाव झाले. तिथे घराघरांत बसून कुणीही फुकट वाचावे. म्हणून 'भिलारला लायब्ररी लावली' असे कुणी म्हणणार नाही. तिथे ना वर्गणी, ना दर आठवड्याची फेरी.

त्या वाक्यात दुरुस्ती करायचीच, तर 'नगर वाचनालयाची लायब्ररी' या द्विरुक्तीची करावी. 'नगर वाचनालय लावले' किंवा नुसते 'लायब्ररी लावली', दोन्ही चालेल.