कोविड लशीच्या प्रमाणपत्रावर आधारचं नाव, पासपोर्टवर वेगळं: कोविडच्या काळात गोव्यातल्या दाबोळी विमानतळावरून परदेशी जाताना चालायचं का?

नाही, तेव्हा निघायच्या आधी कोविनवर, म्हणजे सरकारच्या लस नोंदणीच्या पोर्टलवर, नाव पासपोर्टप्रमाणे करून घ्यावं लागायचं आणि पासपोर्ट नंबरही तिथेच जोडावा लागायचा. म्हापशात तिकिटांचं काम करतो, त्यामुळे हा घोळ तेव्हा रोज बघायचो: आधारवर वडिलांच्या नावासकट 'प्रकाश विठू नाईक', पासपोर्टवर नुसतं 'प्रकाश नाईक'. विमानतळाच्या काउंटरवरचा माणूस एकेक अक्षर ताडून बघायचा, आणि तिथे वाद घालून काही व्हायचं नाही. कोविनवर लॉगिन करून 'रेझ अॅन इश्यू'मध्ये जावं लागायचं. दुरुस्ती एकदाच करता यायची, म्हणून पासपोर्ट समोर उघडा ठेवूनच टाइप करायला सांगायचो.

आरटी-पीसीआर या कोविड चाचणीच्या रिपोर्टवर बऱ्याच देशांसाठी पासपोर्ट नंबर आणि क्यूआर कोड लागायचा. लॅबला स्वॅब देतानाच सांगावं लागायचं, मागाहून घालून घेताना दिवस जायचा. रिपोर्टची मुदत 72 तास की 48 हे देशावर अवलंबून असायचं. बऱ्याच ठिकाणी ती स्वॅब घेतल्यापासून मोजायचे, रिपोर्ट आल्यापासून नव्हे.

दोन छापील प्रती जवळ ठेवायला सांगायचो, मोबाइल ऐनवेळी दगा द्यायचा. नियम मात्र आठवड्यात बदलायचे. मुंबई किंवा दोहामार्गे जाणाऱ्यांना तिथलेही नियम आदल्या दिवशी विमान कंपनीकडून विचारून घ्यावे लागायचे.